वायूची चाहूल घेणारं नॅनोचॅनेल: पहिला प्रयोग कसा उभा करायचा

नवीन आलेल्या माणसाचा पहिला गोंधळ नावामुळेच होतो. 'वायूला प्रतिसाद देणारं चॅनेल' म्हटलं की डोळ्यांसमोर येते एक बारीक नळी आणि तिच्यातून सुळकन निघून जाणारा वायू. इथे वायू नळीतून जाण्यासाठी सोडलेलाच नसतो. नळीत मिठाचं पाणी असतं आणि आपण मोजतो ती तिच्यातल्या आयनांची ये-जा. वायू पाण्यात विरघळतो, नळीच्या भिंतीवर बसवलेल्या रेणूंमध्ये बदल घडवतो, त्यामुळे भिंतीचा विद्युतभार बदलतो, आणि मग आयनांची वाट सोपी किंवा अवघड होते. मीटरवरचा नॅनोअँपिअरचा आकडा हा या साखळीचा शेवट. विरघळणं, रासायनिक बदल, भार, प्रवाह ही चार नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्रयोग बिघडला की यातली कोणती कडी निसटली, हेच शोधायचं असतं.

निसर्गाकडून किती घ्यायचं

पेशींच्या आवरणातली आयन-चॅनेल ही या सगळ्याची मूळ प्रेरणा. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची रचना उलगडली आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. त्या चॅनेलचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम ३ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे ०.३ नॅनोमीटरचा आहे, तरी त्यातून सेकंदाला कोटीच्या घरात आयन जातात. आपण बनवणार ती नळी टोकाशी २०-३० नॅनोमीटरची, म्हणजे त्याच्या शंभरपट रुंद. ती पोटॅशियम आणि सोडियममधला फरक ओळखेल अशी आशा धरू नका. तिला धन आणि ऋण यांतला फरक कळतो, आणि आपल्याला तेवढा पुरतो.

वायूच्या बाबतीत निसर्गात दोन तऱ्हा दिसतात. डासाच्या तोंडाजवळच्या छोट्या स्पर्शकांवर कार्बन डायऑक्साइड टिपणाऱ्या चेतापेशी असतात. आपल्या श्वासाचा माग ते त्यांच्यावर काढतात. वनस्पतींची पर्णरंध्रं हाच वायू वाढला की मिटू लागतात. या अप्रत्यक्ष तऱ्हेत वायूची वर्दी आणि आयनांचं दार यांच्यामध्ये बरीच यंत्रणा असते. दुसरी तऱ्हा थेट. माणसाच्या शरीरातल्या कनेक्सिन-२६ या प्रथिनातल्या लायसिन या एका अमिनो आम्लाला कार्बन डायऑक्साइडचा रेणू स्वतः जोडला जातो आणि दार उघडतं, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. पाण्याचा सामू (pH, आम्लता सांगणारा आकडा) स्थिर ठेवला तरी हे होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पडताळणीच्या वेळी हाच प्रश्न तुम्हाला विचारला जाणार आहे: तुमचं चॅनेल वायूला ओळखतं की नुसत्या सामूला?

वायू निवडताना

पहिल्या प्रयोगाला कार्बन डायऑक्साइडच घ्या. २५ अंश सेल्सियसला आणि एक वातावरण दाबाला लिटरभर पाण्यात तो सुमारे ३३ मिलिमोल विरघळतो, आणि शुद्ध पाण्याचा सामू ३.९ च्या आसपास आणतो. नायट्रोजन किंवा आरगॉन सोडला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मागे काहीही उरत नाही. आम्ल आणि आम्लारी आलटून पालटून घालत बसलात तर प्रत्येक फेरीला थोडं मीठ साचतं आणि प्रवाहाचा पाया सरकत राहतो. वायूच्या बाबतीत ती कटकट नाही. सिलिंडर बंदिस्त खोलीत उघडा ठेवू नका, एवढं पथ्य मात्र पाळा. हायड्रोजन सल्फाइडचा मोह अनेकांना पहिल्याच आठवड्यात होतो. त्याबद्दल शेवटी.

नळी कोरणं

सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे १२ मायक्रोमीटर जाडीचा पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटचा, म्हणजे पेटचा पातळ पडदा. जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या जीएसआय संशोधन केंद्रासारख्या ठिकाणच्या प्रवेगकावर त्यातून एकच जड आयन आरपार सोडतात. तो आयन जाताना प्लास्टिकच्या साखळ्या मोडत जातो आणि त्याची वाट अल्कलीत भोवतालापेक्षा कितीतरी वेगाने झिजते. असा एकाच आयनाने भेदलेला पडदा स्वतः तयार करता येत नाही, तो मिळवावाच लागतो. ते जमत नसेल तर ओढून टोकदार केलेली काचेची नॅनोपिपेट घ्या. तीही शंकूच्याच आकाराची असते आणि पुढचं बरंचसं तर्कशास्त्र तिलाही लागू पडतं, फक्त काचेवर जोडणीचं रसायन वेगळं.

कोरण्याआधी पडद्याच्या दोन्ही बाजूंना साधारण तासभर अतिनील प्रकाश द्या. मग पडदा दोन कप्प्यांच्या मध्ये घट्ट बसवा. एका बाजूला ९ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, दुसऱ्या बाजूला १ मोलर फॉर्मिक आम्ल आणि १ मोलर पोटॅशियम क्लोराइड यांचं थोपवणारं द्रावण. दोन्ही बाजूंना प्लॅटिनमची तार आणि १ व्होल्ट दाब. धन तार अल्कलीच्या बाजूला हवी. छिद्र पडताक्षणी आम्ल अल्कलीला मारतं आणि विद्युत दाब हायड्रॉक्साइड आयनांना मागे खेचतो, त्यामुळे टोक अरुंद राहतं. तारा उलट लावल्या तर नेमकं उलटं होतं आणि टोक बघता बघता रुंदावतं. ही चूक प्रत्येकाकडून एकदा होते. माझ्याकडून दोनदा झाली.

खोलीच्या तापमानाला तासाहून जास्त वेळ मीटर शून्यावर बसून राहतो. कंटाळून उठून जाऊ नका. प्रवाह अचानक वर चढायला लागतो तेव्हा छिद्र आरपार झालेलं असतं, आणि तुम्ही ठरवलेल्या आकड्याला थांबायचं असतं. थांबवलं की दोन्ही कप्पे थोपवणाऱ्या द्रावणाने, मग शुद्ध पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा याबद्दल वेगळं सांगायला नको. ९ मोलर अल्कली डोळ्यात गेली तर डोळा जातो.

टोकाचा व्यास थेट दिसत नाही, तो हिशेबाने काढतात. रुंद बाजूचा व्यास सूक्ष्मदर्शकातून किंवा कोरण्याच्या वेळेवरून मिळतो: या द्रावणात खोलीच्या तापमानाला भिंत मिनिटाला सुमारे २ नॅनोमीटर झिजते, म्हणजे दोन तासांत व्यास ५०० नॅनोमीटरच्या आसपास. मग १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये, शून्याजवळच्या छोट्या व्होल्टेजला, वाहकता मोजायची. टोकाचा व्यास म्हणजे ४ गुणिले लांबी गुणिले वाहकता, भागिले पाय (π), द्रावणाची विशिष्ट वाहकता आणि रुंद व्यास यांचा गुणाकार. उदाहरणार्थ वाहकता १० नॅनोसीमेन्स आली, द्रावणाची विशिष्ट वाहकता मीटरला ११ सीमेन्स धरली, तर टोक निघतं २८ नॅनोमीटर. उत्तर ८०-१०० च्या पुढे आलं तर तो पडदा सरावाला ठेवा. त्यावर रसायन करून वेळ घालवू नका.

उघड्या नळीचं वागणं आधी वहीत

इथे घाई नडते. चॅनेल तयार झालं की लगेच त्यावर रेणू बसवावेसे वाटतात. थांबा. आधी चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड लावून, दोन्ही बाजूंना ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरून, उणे २ ते अधिक २ व्होल्टपर्यंत ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी प्रवाह मोजा. आकडे नॅनोअँपिअरचे येतील, त्यामुळे पिकोअँपिअर ओळखणारा मीटर आणि भोवती जमिनीला जोडलेला धातूचा पिंजरा हवा. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून मोजलेला आलेख बहुधा तुमच्या हाताच्या हालचालींचा असतो.

कोरलेल्या पेटच्या भिंतीवर कार्बॉक्सिल गट उघडे पडतात. उदासीन सामूला त्यांच्यावर ऋण भार असतो. शंकूचा आकार आणि ऋण भार एकत्र आले की आलेख सरळ रेषेत येत नाही: धन आयन टोकाकडून रुंद बाजूला जात असतात तेव्हा प्रवाह जास्त, उलट दिशेला कमी. यालाच रेक्टिफिकेशन म्हणतात. समान व्होल्टेजच्या दोन प्रवाहांचा भागाकार, म्हणजे रेक्टिफिकेशन गुणोत्तर, हाच यापुढे तुमचा मुख्य आकडा. भिंतीच्या भाराचा प्रभाव ०.१ मोलर द्रावणात जेमतेम १ नॅनोमीटरपर्यंत पोचतो, ०.०१ मोलरमध्ये ३ नॅनोमीटरपर्यंत. परिणाम फिका वाटला तर मीठ कमी करून बघा.

आता याच उघड्या नळीला कार्बन डायऑक्साइड द्या.

हे पाऊल बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते अख्ख्या प्रयोगातलं हेच सर्वांत महत्त्वाचं आहे. कार्बॉक्सिल गट सामू ४ च्या आसपास आपला भार सोडायला लागतात, आणि वायूने तृप्त झालेलं पाणी नेमकं ३.९ ला येऊन थांबतं. म्हणजे तुम्ही काहीही बसवलेलं नसताना उघडी नळीसुद्धा वायूला 'प्रतिसाद' देते! तिचा ऋण भार घटतो, रेक्टिफिकेशन मावळत जातं, आलेख सरळ रेषेकडे झुकतो. हा आलेख हाताशी नसेल तर पुढे बसवलेल्या रेणूची करामत किती आणि मूळ प्लास्टिकची किती, हे कधीच सांगता येणार नाही.

भिंतीवर कोणता रेणू

कार्बन डायऑक्साइडसाठी तृतीयक अमाइन, अमिडीन किंवा इमिडाझोल असलेले रेणू वापरतात. कार्बोनिक आम्लातला प्रोटॉन घेऊन ते धनभारित होतात, वायू गेला की प्रोटॉन सोडतात. पण सोडतात का, हाच कळीचा मुद्दा. साध्या तृतीयक अमाइनचा पीकेए (pKa, ज्या सामूला निम्मे गट प्रोटॉन धरून असतात तो आकडा) ९-१० च्या घरात आणि अमिडीनचा त्याहून वर असतो. नायट्रोजनने वायू हाकलून सामू ७ वर आणला तरी असा गट भार घेऊन तसाच बसून राहतो. दार उघडलं, पण मिटायचं नाव नाही. इमिडाझोलचा पीकेए ७ च्या जवळ, म्हणून सुरुवातीला अमिनोप्रोपिल-इमिडाझोल बरा. भिंतीवर दाटीने बसलेल्या गटांचा पीकेए पाण्यातल्या आकड्यापेक्षा थोडा सरकतो, तेव्हा हा आकडा दिशादर्शक समजा.

जोडणी कार्बॉक्सिल आणि अमाइन यांच्यात अमाइड बंध करून होते. त्यासाठी ईडीसी आणि एनएचएस ही रसायनांची नेहमीची जोडी, आधी सामू ५.५ च्या आसपास कार्बॉक्सिल जागे करायचे आणि मग अमाइनचं द्रावण घालायचं. ईडीसी पाण्यात फार वेळ टिकत नाही. वजन केलं की लगेच वापरा, कालचं द्रावण आज चालत नाही. बाटली फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतला ओलावा आत उतरतो आणि पुढचे दोन महिने सगळ्यांचे प्रयोग फसतात.

सगळे कार्बॉक्सिल जोडले जात नाहीत. याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट त्याचा फायदा आहे. नायट्रोजनखाली उरलेले कार्बॉक्सिल ऋण आणि इमिडाझोल बराचसा उदासीन, म्हणून नळी ऋण. वायूखाली कार्बॉक्सिल बरेचसे विझतात आणि इमिडाझोल धन होतो, म्हणून नळी धन. रेक्टिफिकेशनची दिशाच उलटते. उघड्या नळीत ते नुसतं मावळतं. तेव्हा पुरावा म्हणून दिशेची उलटापालट शोधा. प्रवाह 'कमी झाला' किंवा 'वाढला' एवढ्याने समाधान मानू नका.

जोडणी झाली का, हे एकट्या नळीवर थेट बघणं कठीण आहे. एकाच नळीच्या भिंतीवर रेणू किती असणार! त्याच रसायनातून एक सपाट किंवा अनेक छिद्रांचा पडदा सोबत काढा आणि पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन, एक्सपीएसमधला (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखायचं तंत्र) नायट्रोजन त्यावर तपासा.

वायू द्यायचा कसा

बुडबुडे थेट पडद्याजवळ सोडू नका. एकदा दोन दिवस मी सुंदर 'दार मिटण्याचे' आलेख काढत होतो. तिसऱ्या दिवशी टॉर्च मारून पाहिलं तर पडद्याच्या रुंद बाजूला मोहरीएवढा बुडबुडा चिकटून बसला होता. वेगळ्या बाटलीत द्रावण वायूने तृप्त करा आणि ते हळू पंपाने कप्प्यात फिरवा, किंवा मापनाच्या वेळी तरी बुडबुडे बंद ठेवा.

सिलिंडरमधला वायू कोरडा असतो. तो तासभर सोडला तर पाणी उडून मीठ घट्ट होतं आणि प्रवाह चढतो. नायट्रोजन असो की कार्बन डायऑक्साइड, आधी पाण्याच्या बाटलीतून ओला करून घ्या.

बफर घालायचा नाही. फॉस्फेट किंवा ट्रिसने सामू धरून ठेवला तर वायूने बदलायचं काय? पण बफर नाही म्हणजे द्रावण उघड्या हवेवरसुद्धा हलतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे बीकरमधलं शुद्ध पाणी ५.६ ला येतं आणि त्या सामूला इमिडाझोल ९५ टक्क्यांहून अधिक धनभारित झालेला असतो. तुमची 'शून्य' अवस्था आधीच बिघडलेली. म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने सामू ८ च्या जवळ आणा, वर नायट्रोजनचं पांघरूण ठेवा, आणि सामू मोजणारा इलेक्ट्रोड द्रावणाच्या बाटलीत कायम बुडवलेला असू द्या. कप्प्यात नको, त्यातून झिरपणारं मीठ आणि विद्युत गोंगाट दोन्ही त्रास देतात.

वेळेचा अंदाजही हिशेबानेच घ्या. १२ मायक्रोमीटरची नळी विरघळलेला रेणू विसरणाने (डिफ्यूजनने) सेकंदाच्या शतांशांत पार करतो. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनिक आम्ल होणं मात्र संथ, त्याचा अर्धकाल १५-२० सेकंदांचा. आणि मिलिलिटरभर कप्पा वायूने भरायला मिनिटं लागतात. त्यामुळे 'चॅनेलला प्रतिसाद द्यायला पाच मिनिटं लागली' असं लिहिण्याआधी तो वेळ चॅनेलचा आहे की तुमच्या नळ्यांचा, ते बघा. बहुधा नळ्यांचाच असतो.

पडताळणी

वायू दिल्यावर द्रावणाचा सामू किती झाला ते टिपलेलंच आहे. आता वायूविना, थेंबभर हायड्रोक्लोरिक आम्लाने तोच सामू आणा आणि तोच आलेख काढा. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले तर तुमच्याकडे आहे सामूला प्रतिसाद देणारं चॅनेल, ज्याला वायू चालवतो. यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त तसं स्पष्ट लिहा. आलेख वेगळे आले तर मजा आहे. वायू थेट अमाइनला जोडला जात असेल, कनेक्सिनसारखा. पण त्या निष्कर्षावर उडी मारण्याआधी मीठ आणि तापमान दोन्ही वेळी सारखं होतं का, ते बघा.

याशिवाय नायट्रोजनऐवजी आरगॉन वापरून एक फेरी, म्हणजे नायट्रोजनचा स्वतःचा काही हात नाही हे कळतं. आलटून पालटून पाच-सहा फेऱ्या, आणि किमान तीन वेगवेगळ्या नळ्या. एका नळीचा आलेख कितीही देखणा असला तरी तो एका नळीचा आलेख असतो. फेऱ्यांमध्ये गुणोत्तर हळूहळू एकाच दिशेला सरकत असेल तर आधी इलेक्ट्रोड बदला. जुने इलेक्ट्रोड शून्य व्होल्टलाही प्रवाह दाखवतात.

पुढचे वायू, आणि इलेक्ट्रोडची शोकांतिका

हायड्रोजन सल्फाइडसाठी भिंतीवर अझाइड गट बसवतात. वायू त्याचं अमाइन करतो आणि भार बदलतो. नायट्रिक ऑक्साइडसाठी शेजारी-शेजारी दोन अमाइन असलेलं बेंझीन वापरतात, त्याचं ट्रायअझोल होतं. दोन्ही बदल एकेरी आहेत. असं चॅनेल दार नसतं, एकदाच वाजणारी घंटा असते, त्यामुळे 'उघड-मीट फेऱ्या' मोजायला जाऊ नका.

आता नवख्यांना सर्वांत महाग पडणारी गोष्ट. हायड्रोजन सल्फाइड चांदीच्या इलेक्ट्रोडला काळा करतो, त्यावर सिल्व्हर सल्फाइड बसतं. अमोनिया तर सिल्व्हर क्लोराइडचा थर विरघळवूनच टाकतो. दोन्ही वेळी प्रवाह बदलतो आणि तो चॅनेलचा प्रतिसाद वाटतो. या वायूंसोबत काम करताना इलेक्ट्रोड वेगळ्या कुपीत ठेवा, अगार भरलेल्या क्षारसेतूने कप्प्याला जोडा, आणि प्रयोगानंतर इलेक्ट्रोड ताज्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये तपासून घ्या. नायट्रिक ऑक्साइडचं वेगळंच: तो ऑक्सिजनशी भिडून नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि पाण्यात शेवटी आम्ल सोडतो. भिंतीवरच्या या अभिक्रियेला स्वतःलाच थोडा ऑक्सिजन लागतो, म्हणजे तो पुरता काढूनही भागत नाही. म्हणून त्याच प्रमाणात नायट्राइट आणि आम्ल घालून एक फेरी घ्यावीच लागते.

हायड्रोजन सल्फाइड मोजून-मापून घालायचा तर सिलिंडरऐवजी सोडियम हायड्रोसल्फाइडचं ताजं द्रावण वापरा, पण तेसुद्धा फ्यूमहूडमध्येच. त्यात आम्ल पडलं की वायू बाहेर येतो. सडक्या अंड्याच्या वासावर भरवसा ठेवू नका. हवेत १०० पीपीएमच्या आसपास, म्हणजे जिवाला तत्काळ धोका मानल्या जाणाऱ्या पातळीलाच, नाक बधिर होऊन वास येणं बंद होतं. कोटाच्या खिशाला लावायचा गजर देणारा मीटर मिळतो. तो चालू आहे ना, बॅटरी आहे ना, हे बाटली उघडण्याआधी बघा.